भाकरतुकडा

सगळं विसरत चाललेल्या सासूबाई हातात पिशवी धरून आज पुन्हा दाराशी उभ्या होत्या. "मला घरी सोडा. पोझोन्यला."

"आई, हंगेरियन लोकांचं पोझोन्य म्हणजेच आपलं ब्रातिस्लाव्हा. जर्मन ज्याला प्रेसबुर्ग म्हणायचे, तेही हेच. तू याच घरात जन्मलीस!" नवऱ्याने रोजच्यासारखं समजावलं. त्याचं खरंच होतं, पण खऱ्याने कुणाचं रडू थांबतं?

मी त्यांना कोट चढवला. डॅन्यूबच्या काठाकाठाने आम्ही दोघी किल्ल्यापर्यंत गेलो आणि दुसऱ्या रस्त्याने त्याच दाराशी परतलो. "आलं बघा पोझोन्य," मी म्हणाले. त्या जागच्या हलेनात. लांबून आलेल्या माणसावरून माझी आई गडहिंग्लजला भाकरतुकडा ओवाळून टाकते. मी आतून पाव आणला, तुकडा मोडून त्यांच्यावरून तसाच ओवाळला, पायाशी पाणी ओतलं.

सासूबाईंनी आत पाऊल टाकलं, भिंतीवरून हात फिरवला. "आले गं बाई एकदाची!"

मग उरलेला पाव त्यांनी रुमालात बांधला आणि माझ्या हातात ठेवला.

"आता तू नीघ, पोरी. तुझीही आई वाट बघत असेल."