खांद्यावरची लेन्स

८४ सालच्या श्रावणात मिऱ्या गावाच्या खडकांपलीकडे होडी उलटली. उधाणात मदतीला जायला कुणी धजेना. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर अच्युत कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची जड लेन्स लावून किनाऱ्यावरून बघत होता.

"भाऊ, चौघं दिसतात ना?" सुंदराने विचारलं. होडीत तिचा नवरा आणि तीन दीर होते.

"तिघं दिसतात. पण लेन्स जड आहे, हात हलतोय."

ती त्याच्याकडे पाठ करून पुढ्यात उभी राहिली. "माज्या खांद्यावर ठेवा. आता मोजा."

लेन्स स्थिर झाली. उलट्या होडीला धरून राहिलेली माणसं अच्युतने दोनदा मोजली. एवढ्या वाऱ्यातही तिचा खांदा जराही हलला नव्हता.

"तिघंच आहेत, वहिनी."

"परत मोजा, भाऊ," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "माजाच खांदा हलला आसंल."