हिरव्या पानाचा शिक्का

"जंगल म्हणजे माझा श्वास आहे," असं म्हणत मालकांनी फोटोत नीट यावी म्हणून कुंडी जवळ ओढली. कुंडी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडून तेवढ्यापुरती मागून आणली होती.

फोटोवाला गेल्यावर संपादिका मुद्रितं घेऊन आत गेली. या प्रकाशनाचं नाटक तिला पाठ होतं. गोदामात पडून राहिलेल्या पुस्तकांना नवं मुखपृष्ठ डकवून मालकांनी 'दुसरी आवृत्ती' विकलेली तिने पाहिली होती. जंगल राखून केलेला कागद वापरू या म्हणून ती मागे लागली, तेव्हा ते म्हणाले होते, "झाडांचा एवढा पुळका असेल तर लेखकांना सांगा, लिहू नका म्हणून."

पुढे शाळांची ग्रंथालयं तसाच कागद मागायला लागली, आणि मालक रातोरात जंगलाचे कैवारी झाले. मुलांसाठी काढलेल्या पक्ष्यांच्या पुस्तकामागे हिरव्या पानाचा शिक्का झळकला. या कागदासाठी जंगल उजाड झालेलं नाही, याची ती खूण.

"कागदवाला बदललात का?" तिने विचारलं.

"कशाला? जुना माणूस, विश्वासाचा माणूस."

"मग कागद?"

"बाई, कागद तो कागद. तुम्ही काना-मात्रा बघा."

त्या संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. थोरली बहीण शर्टाला बटणं लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लबाड आहे तो. पण आपलं घर तुझ्या नोकरीवर चालतं."

"म्हणून पोरांच्या हातात खोटं द्यायचं?"

"मी कुठे तसं म्हटलं? नोकरी गेली तर रडत बसू नकोस, एवढंच."

शिक्का देणाऱ्या संस्थेकडे संपादिकेने तक्रार केली. पुढच्या आठवड्यात तपासनीस आला. त्याने पुस्तकाची पानं कापून नेली, कागदवाल्याचं गोदाम पाहिलं, पेपर मिलमध्ये जाऊन आला. तेवढे दिवस मालकांना जेवण गोड लागत नव्हतं. शिपायावर ओरडायचे, मग त्यालाच पाणी मागायचे. संपादिका मान खाली घालून काम करायची. चोराच्या मनात चांदणं, ती स्वतःशी म्हणायची.

निकाल सांगायला तपासनीस आला, तेव्हा मालकांच्या खोलीत सगळे जमले होते. मालक रुमालाने मान पुसत होते. उभ्या आयुष्यात कुणाचा केला नसेल तेवढा तिरस्कार संपादिकेने त्या घामेजल्या मानेचा केला.

"कागद अस्सल आहे," तपासनीस म्हणाला. "लाकूड राखीव लागवडीचं, मिल आमच्या मान्यतेची. शंकेला जागाच नाही."

मालकांनी तोंड उघडलं, ते बराच वेळ मिटेना.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के. तुमच्यासारखे प्रकाशक आजकाल विरळाच."

मालकांचे डोळे भरून आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर संपादिका पुढे झाली.

"तक्रार मी केली होती. मी राजीनामा देते."

मालक उठले आणि सावकाश तिच्याजवळ आले.

"राजीनामा कसला, बाई? माणसावर संशय येतो माणसाला. मी मनात धरणार नाही." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "फक्त आपल्या नव्या सूचिपत्रासाठी चार ओळी लिहा. या कागदाबद्दल. जमलंच तर माझ्याबद्दलही."

तपासनिसाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

मालकांच्या खोलीलगतच संपादिकेचं टेबल होतं, मध्ये प्लायवूडची भिंत. येता-जाता सगळे तिच्याकडे पाहत होते. आपण एवढे हलक्या मनाचे कधी झालो, हे तिला कळेना. एका कुंडीवरून आपण माणूस जोखला. मांजरासारखं टपून बसलो, त्याच्या घामाची मजा घेतली. आणि त्याने काय केलं? भरल्या खोलीत आपली लाज राखली.

तिने कागद पुढे ओढला. तिला नेहमी खाडाखोड करायची सवय. आज शब्द सरळ उतरले: 'काही माणसं दिसतात त्याहून पुष्कळ मोठी असतात. ती ओळखायला आपलं मन मोठं लागतं.' लिहिलेलं तिने पुन्हा वाचलं. त्यातला शब्द न् शब्द तिला खरा वाटत होता.

भिंतीपलीकडे मालकांनी दार लावून घेतलं आणि फोन फिरवला.

"साधा कागद सांगितला होता ना तुला?" ते दातओठ खात बोलत होते. "इतक्या वर्षांची आपली ओळख, आणि खरा माल देऊन मला फसवतोस?"