घाईचा निर्णय

होम प्लेटवर, धाव पूर्ण होते त्या पाटीवर, धूळ उडाली आणि कुमुदिनीने मूठ उगारून आरोळी ठोकली, “आउट!” बेसबॉल पंचांच्या शिबिरातली ही शेवटची परीक्षा होती. परीक्षक भोयरसर तिच्या मागे उभे होते. ती शिकवायची त्या शाळेच्या मुली खेळायच्या तेव्हा दरवर्षी विरुद्ध संघाच्याच शाळेचे मास्तर पंच असायचे. म्हणून आता तिला स्वतःलाच पंच व्हायचं होतं.

धूळ खाली बसली. पळत आलेली मुलगी मान खाली घालून परत निघाली होती. एवढ्यात कुमुदिनीला कॅचरच्या, प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या मुलीच्या, गुडघ्यामागे चेंडू पडलेला दिसला. बाद करतानाच तो तिच्या हातातून निसटला होता, म्हणजे पळत आलेली मुलगी बाद नव्हती. कॅचरने तो हळूच उचललाही. दुसऱ्या कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. गप्प राहिलं की प्रमाणपत्र पदरात पडणार होतं, पण ती मुलगी अजून कपड्यांवरची धूळ झटकत होती.

“थांब गं!” कुमुदिनी ओरडली. “सेफ!”

“निर्णय बदललात, मॅडम?” सरांनी विचारलं.

“हो सर. चेंडू निसटला होता. मी घाई केली.”

संध्याकाळी निकाल लागला. ती नापास झाली होती. सरांनी तिला बाजूला बोलावलं.

“तो चेंडू मला दिसलाच नव्हता,” ते म्हणाले. “गप्प बसला असतात तर पास झाला असतात. पण घाई केलीत, तेव्हा पास करता येत नाही. जानेवारीत पुन्हा याल?”

“येणार तर!”

मैदानाबाहेर पडताना तिला कडकडून भूक लागली, शिबिर सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.