दार लागणारी खोली

"आणि तुझे सासरे काय उभ्यानं जेवणार?"

सासूबाई गावाकडून, आंदोंगहून, नुकत्याच आल्या होत्या. अंगातला कोटही न काढता त्या आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहून टेबलाकडे बघत होत्या. आज सासऱ्यांचं श्राद्ध. नैवेद्याचं ते बुटकं टेबल एरवी वर्षभर कपाटामागे धूळ खात पडायचं. मिरानने त्याला लांब पाय लावून खुर्चीच्या उंचीचं केलं होतं आणि वर लॅपटॉप मांडला होता.

तिच्या कानात हेडफोन होता; एका कुकर कंपनीसाठी ती घरून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. पलीकडून एक बाई भाताच्या कुकरवरून तिला फैलावर घेत होती. मिरानने माइक हाताने झाकला.

"आई, आजच्या दिवस असंच राहू दे ना. माझे फोन रात्री दहापर्यंत आहेत."

"राहू दे म्हणे! मुलांनी गुडघे टेकून दारूचा पेला ठेवायचा की शिडी लावून?"

स्वस्तात काय काय जमवलं होतं तिने! खुर्ची इमारतीखालच्या टाकाऊ सामानातून उचललेली, तिच्या पाठीवर पालिकेचा कचऱ्याचा स्टिकर अजून तसाच होता. टेबलाचे पाय कुणीतरी वापरून विकलेले. आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर जुन्या रजया ठोकल्या होत्या. एवढं करूनही दाराचं काही करता आलं नव्हतं. ते लागायचं, पण घरातलं कुणी ते लागलंय असं मानायचं नाही. ऐन फोनवर तिचा नवरा ते-गुन "माझे मोजे कुठायत?" करत थेट आत यायचा. ते मोजे एका गिऱ्हाइकाने ऐकले आणि तक्रार केली. मग आणखी एकाने केली. कंपनीने निर्वाणीचं सांगून टाकलं होतं: मागून घरातला आवाज आल्याची आता एक जरी तक्रार आली, तर काम बंद.

"श्राद्ध बाहेरच्या खोलीत मांडू या?" मिरानने विचारलं.

"तिला दार कुठंय?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांना निवांत जेवू द्यायला नको? जेवताना सारखं कुणी आत-बाहेर केलं, तर घास उतरेल का माणसाला?"

मिरान त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

टेबलाचा एक पाय डगमगतो, जरा बघ, म्हणून ती दोन महिने नवऱ्याच्या मागे लागली होती. त्याला वेळ नव्हता. आज आईने नुसती मान वळवली आणि तो पाना घेऊन हजर झाला. चारही पाय त्याने चुटकीसरशी काढले. मिरानच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," ते-गुन म्हणाला. "बाबांसाठी एवढंही नाही करणार?"

बाबांसाठी ती पहाटेपासून मुगाची धिरडी तळत होती. बाबांना तिने कधी पाहिलेलंही नव्हतं.

कंपनीने रजा नाकारली होती. म्हणून तिने संध्याकाळच्या जेवणाच्या सुट्टीत श्राद्ध बसवलं होतं. पण धाकटा दीर बायकामुलांसह रस्त्यात अडकला आणि उशिरा पोचला. भावांनी गुडघे टेकले, उदबत्तीच्या धुरावरून पेला फिरवला, दोनदा डोकं जमिनीला लावलं. सासूबाईंनी भातात चमचा उभा रोवला. मग रीतीप्रमाणे सगळे मागच्या पावली बाहेर आले आणि ते-गुनने हलक्या हाताने दार ओढून घेतलं. माणूस नऊ घास खाईल इतका वेळ आता बाहेर थांबायचं.

काय ती शांतता! ते-गुनने पंखा बंद केला. दिराच्या पोरांनी तोंडावर हात धरले. एरवी याच घरात शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा भिंतीतून ऐकू यायचा. आज तोही जणू गप्प होता.

तेवढ्यात मिरानची सुट्टी संपली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर फोन वाजला.

"बंद कर ते!" सासूबाई दबक्या आवाजात फिस्कारल्या. "ते जेवतायत!"

बंद करणं शक्य नव्हतं. तिथे बसून बोलणंही शक्य नव्हतं. मिरानने लॅपटॉप उचलला, सगळ्यांच्या मधून वाट काढली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

तिच्यामागे आत यायची कुणाची छाती झाली नाही.

फोटोतले सासरे समोर बघत होते. तिने मासा जरासा सरकवला, नासपतींची थाळी बाजूला घेतली आणि आपल्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून मांडी घातली. फोनवर एक म्हातारे गृहस्थ होते. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच भात लावत होते आणि कुकरचं झाकण बसत नव्हतं. मिरानने त्यांना एकेक गोष्ट सावकाश सांगितली. तिला एकदाही माइक झाकावा लागला नाही. दोन महिन्यांत असं कधी झालं नव्हतं.

नऊ घासांचा वेळ केव्हाच उलटून गेला.

दाराबाहेर ते-गुन खाकरला. एकदा, दोनदा, तीनदा. आत शिरण्याआधी वडिलांना अशी सूचना द्यायची रीत होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि बायको आत असताना तो दाराशी थांबण्याची ही पहिलीच वेळ होती.

मिरानने माइक झाकला.

"थांबा," ती म्हणाली. "बाबांचं जेवण व्हायचंय अजून."

आणि ते सगळे थांबले.