आशाबाईंचं प्रस्थान

बॅग गुलमर्गला पोहोचली, आणि आशाबाई अजून घरीच, उस्मानपुऱ्यात होत्या.

शेजारचे कमरोद्दीनभाई सकाळी सकाळी मोबाइल नाचवत आले. फोटोत जिकडं तिकडं बर्फ, मागं एक लाकडी हॉटेल, आणि मधोमध आशाबाईंची लाल बॅग. "भाभी, माल सहीसलामत पोचला बघा," ते म्हणाले. त्यांचा सफरचंदांचा धंदा. काश्मीरहून आलेला ट्रक रिकामा परत चालला होता, त्यातून त्यांनी ती धाडली होती.

बद्रीनाथरावांनी फोटो पाहिला आणि पेपरमागं तोंड लपवलं. हा घोळ त्यांचाच होता.

चार वर्षांपूर्वी आशाबाईंनी टीव्हीवर एक बाई पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरताना पाहिली आणि हट्ट धरला, मरायच्या आधी मला हे करायचंय. लहानपणी पिशोरला वडिलांच्या बैलांमागं फळीवर उभं राहून त्यांनी अख्खं वावर घसरून काढलं होतं. तेव्हा ओढायला बैल होते, आता डोंगर ओढील, एवढाच काय तो फरक. बद्रीनाथराव लगेच हो म्हणाले. हो म्हणण्यात त्यांचा हात धरणारा उभ्या शहरात कोणी नव्हता. हॉटेल, बूट, फळ्यांचं भाडं, घसरायला शिकवणारा मास्तर, सगळं त्यांनी तोंडपाठ केलं. याआधी केदारनाथचा बेतही त्यांनी असाच झकास आखला होता, आणि गोव्याचाही. दोन्ही वेळेस मंडळी जवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावर जाऊन दिवेलागणीला परत आली होती.

त्यांच्या मनात खोट नव्हती. बायकोवर जीव होता. पण उंबऱ्यापाशी आले की पाय गार पडायचे. मनमाडच्या पुढं ते जन्मात गेले नव्हते. जिथं कुत्रंही आपल्याला ओळखत नाही अशा ठिकाणी आपण पडलो तर उचलील कोण, ही धास्ती. ती बायकोला सांगायची लाज वाटे. म्हणून मग पंचांग.

गाडी मंगळवारची, आणि मंगळवारी उत्तरेला दिशाशूल, म्हणजे तिकडं निघणं अशुभ. तोडही त्यांनीच काढली. प्रस्थान ठेवायचं! निघायचा दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे शास्त्राप्रमाणे माणूस निघाला. दोघांचे स्वेटर, पायमोजे आणि बद्रीनाथरावांची कानटोपी भरून बॅग कमरोद्दीनभाईंकडं गेली. ऐन वेळी बद्रीनाथरावांचा गुडघा धरला. तिकिटं रद्द झाली. आशाबाई बॅग आणायला निघाल्या, तर हे ओरडले, "अगं, ठेवलेलं प्रस्थान माघारी आणत नसतात! घराला बरं नाही."

पुढच्या हिवाळ्यात कमरोद्दीनभाईंकडं रंगकाम निघालं. मागं येत नाही तर पुढं जाऊ द्या, म्हणून बॅग पिशोरला आशाबाईंच्या बहिणीकडं, सरूबाईकडं गेली. नंतर भुसावळला, भाचा बन्सीकडं. दर हिवाळ्यात तिकिटं रद्द व्हायची आणि बॅग तेवढी उत्तरेला सरकायची. यंदा बन्सीची बदली झाली, आणि ट्रकची वाट वाकडी करून कमरोद्दीनभाईंनी बॅग उचलली. बद्रीनाथरावांनी आनंदानं होकार दिला. बेत पुढं चाललाय आणि आपण मात्र घरीच आहोत, यापरतं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. फक्त थंडी पडली की दोघं गोधड्या पांघरून कुडकुडत बसायचे. नवे स्वेटर घेऊ म्हटलं, की यांचं उत्तर ठरलेलं, "घरचे आहेत की!"

आशाबाईंनी बोटांनी फोटो मोठा केला. चेनमधून त्यांच्या स्वेटरची बाही बाहेर आली होती. तिच्यावर भुरभुर बर्फ पडलेला होता.

"माझ्या स्वेटरनं बर्फ पाहिला," त्या म्हणाल्या. "म्या नाय."

आणि त्या आत निघून गेल्या. बद्रीनाथरावांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "असं करू," दाराकडं बघत ते मायेनं म्हणाले, "येत्या रविवारी म्हैसमाळ करून येऊ."

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आशाबाईच आल्या. इस्त्रीची साडी, खाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला पर्स. कमरोद्दीनभाई कधी सटकले ते कळलं नव्हतं. ते आता फाटकात रिक्षा घेऊन उभे होते.

"कुठं निघालीस?"

"गाडीला. यंदा तिकिटं रद्द करायचं काम तुमी माझ्याकडं दिलं व्हतं. म्या केली नायत."

बद्रीनाथराव धडपडत उठले आणि दारात आडवे आले. "अगं, आज मंगळवार! उत्तरेला दिशाशूल!"

"दिशाशूल निघणाऱ्याला," आशाबाई म्हणाल्या. "म्या तर चार वर्षांखाली निघालेय."

शास्त्र बद्रीनाथरावांचंच होतं. त्यातून पळायला त्यांनीच वाट ठेवली नव्हती. ते बाजूला झाले. आशाबाई रिक्षात बसल्या. पायरीवर गार वारा होता, आणि दोन्ही हात काखेत धरून उभ्या असलेल्या बद्रीनाथरावांना त्या घरात एकटं बसायचं भय गुलमर्गच्या भयाहून मोठं वाटलं.

"आणि मी?" ते एवढंसं तोंड करून म्हणाले.

आशाबाईंनी रिक्षातून डोकं बाहेर काढलं. "तुमची कानटोपी कुठंय?"

"बॅगेत."

"मंग तुमी बी निघालेलेच हाव की," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली. "कुलूप तेवढं लावायचं ऱ्हायलंय."