इंचभर माया

खणाच्या कुर्त्याला बाजूच्या शिवणी दोन, कापडाचे पदर चार. कुर्त्याची कंबर तेहतीस इंच. बाळंतपणानंतर शर्वरीची पस्तीस.

"साखरपुड्याला पंधरा दिवस आहेत, वहिनी. तोवर भात सोड," नणंद म्हणाली. "आपण कपड्यात मावावं, कपडा उसवत बसू नये."

"मी बाळाला पाजतेय. पोट कपड्यालाच सुटू दे," म्हणत शर्वरीनं ब्लेडनं पहिला टाका कापला.

सासूबाई चष्मा लावून वाकल्या. "शिवणीत माया ठेवलीय का?"

"आईनं शिवलाय. प्रत्येक पदराला इंचभर."

"विहीणबाईंना पुढचं दिसतं," सासूबाई म्हणाल्या आणि मशीनवरचं झाकण काढलं.

शर्वरीनं प्रत्येक पदरातून पाऊण इंच सोडला, पाव इंच राखला. दुपारी तोच कुर्ता घालून ती पानावर बसली आणि नणंदेकडूनच दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

कुर्त्याची कंबर आता छत्तीस इंच.