तिसरा पेला

अस्नाकेच दाराजवळ अर्धीच टेकली. एक पाय आत, एक बाहेर.

"उंबऱ्यात काय बसलीस? आत ये की. चावतो का आम्ही?" वोर्कनेश निखाऱ्यांवर कॉफी भाजता भाजता ओरडली. घर तिचंच. कॉफीच्या बैठकीसाठी रिवाजाप्रमाणे जमिनीवर ताजं गवत पसरलं होतं आणि दोन शेजारणी आधीच ऐसपैस बसल्या होत्या.

अस्नाकेच आत आली. मेंढीचं पांढरं कातडं घातलेली तिवई मुद्दाम तिच्यासाठी ठेवली होती. कातडं पांढरंच कशाला हवं होतं?

पहिल्या बाळंतपणात मूल गेलं आणि लघवीवरचा ताबाही गेला. नऊ वर्षं ती गळत राहिली. नवऱ्याने आधी खाट वेगळी केली, मग घर. चार महिन्यांपूर्वी शहरातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि म्हणाले, आता तू बरी झालीस. त्यांना काय जातंय म्हणायला! तेव्हापासून कॉफीची बोलावणी येऊ लागली, पण पहिला पेला संपतो न संपतो तोच हिला घरची शेळी आठवायची.

"आज शेळी मेली तरी उठायचं नाही," वोर्कनेशने बजावलं. "तिसरा, शेवटचा पेला बरकतीचा. तो टाकून गेलीस तर पुन्हा हाक मारणार नाही, सांगून ठेवते."

पहिला पेला झाला. अस्नाकेचने हळूच हात मागे नेऊन कातडं चाचपलं. कोरडं होतं. दुसरा ओतला, पुन्हा चाचपलं. चव कसली ती लागलीच नाही.

"धर गं जरा हिला," म्हणत वोर्कनेशने तान्ही लेक तिच्या मांडीवर ठेवली. नऊ वर्षांत कुणी तिच्या हाती मूल दिलं नव्हतं. तिला श्वास घ्यायचीही भीती वाटली.

आणि मग मांडीला ओल लागली. कोमट.

पोरीला छातीशी धरून ती ताडकन उठली. "मी धुऊन देते... कातडं मी धुऊन देते..." तिचा आवाज फाटला. सगळ्या बघत राहिल्या. कातडं पांढरंशुभ्र, कोरडं ठणठणीत होतं. ओला होता तो झगा, पुढून.

"अगं बाई, तू कशाला धुतेस?" वोर्कनेश पोट धरून हसायला लागली. "आमच्या भवानीचा प्रताप तो! आण तिला इकडे."

अस्नाकेचने आधी पोरीकडे पाहिलं, मग झग्याकडे. मग ती पुन्हा तिवईवर बसली, पूर्ण टेकून, पोरीला मांडीवर घेऊन.

"असू दे," ती म्हणाली. "वाळेल."

आणि तिने पेला पुढे केला.